जुन्या महिंद्रा एफसी रुग्णवाहिकेची आधीची मालकी कशी शोधायची? (कोल्हापूर)

जुनी_चाके

नमस्कार मंडळी. शिरोळ भागात एका गॅरेजमागं पडून असलेली महिंद्रा एफसी (फॉरवर्ड कंट्रोल) रुग्णवाहिका घ्यायचा विचार आहे. व्यवहार अजून झालेला नाही, इसारही दिलेला नाही. हाती आहे ते एवढंच:

नंबर जुन्या पद्धतीचा, एमपासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि चार आकडे. आरसी-टीसी बुक नाही. एका पानाची झेरॉक्स आहे, तिच्यावर १९८६ साली एका धर्मादाय ट्रस्टच्या नावावर गाडी झाल्याचा शिक्का दिसतो, आधीच्या मालकाचं नाव पानाच्या घडीत गेलंय. इंजिन डिझेल बसवलेलं आहे. उजव्या बाजूच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाखाली "...पालिका" एवढी अक्षरं पुसट दिसतात आणि मागच्या दारावर लाल क्रॉसची खूण. डॅशवर अॅल्युमिनियमची पाटी आहे, आकडे निम्मे झिजलेले. विक्रेता म्हणतो १९७० च्या आसपासची आहे. परिवहनच्या अॅपवर नंबर टाकला तर "माहिती उपलब्ध नाही" येतं.

पहिल्या मालकापासून आजपर्यंतची साखळी जोडायची आहे. सुरुवात कुठून करू?

उद्यमनगर_फिटर

भावा, नंबर प्लेट आधी बाजूला ठेव. प्लेट म्हंजे दोन स्क्रूचं काम, कुठल्याबी गाडीची कुठंबी बसती. डॅशवरच्या पाटीचंबी तेच. पाटी कशानं बसवलीय ते बघ. मधी भोक असलेला पॉप रिव्हेट असंल तर ती पाटी नंतर कुणीतरी बसवलीय असं धरून चाल. खरा नंबर चेसिसच्या लांब पट्टीवर ठोकलेला असतोय. पुढच्या चाकांजवळ दोन्ही बाजू, आतनं-बाहेरनं बघ.

तिथं ग्राइंडर लावू नको. लई जण हितंच घाण करत्यात. ग्राइंडर लागला की ठोक्याची खोली जाती, आन वर आरटीओत गाडी दाखवली की नंबर घासलाय म्हणून फाईल थांबती. रात्री रॉकेल नायतर डिझेल लावलेलं फडकं गुंडाळून ठेव, सकाळी पितळी ब्रशनं हलक्या हातानं घास. कोरडं झाल्यावर पांढरा खडू आडवा फिरव, आकड्याच्या खाचंत खडू बसतोय. मग पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीनं छाप घे, चार-पाच घे, पुढं आरटीओतबी लागतोय. ३ आन ८, १ आन ७, ६ आन ० ह्यांत शंका असंल तर दोन्ही लिहून ठेव, शोधताना दोन्हीनं शोधायचं. पुसट झाला म्हणून स्वतः पंच घेऊन नंबर उठवत बसू नको. त्याला आरटीओची परवानगी लागती, त्याबिगर केलं तर सरळ पोलीस केस.

इंजिनाचं. ह्या गाडीला मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन, २.२ लिटरचं. इनटेक व्हॉल्व वर हेडात, एक्झॉस्ट खाली ब्लॉकात. मूळ इंजिन असतं तर नंबर पुढं वॉटर पंपाच्या मागं सपाट जागेवर मिळाला असता. तुझ्यात डिझेल हाय, म्हंजे तो धागा तुटला. पण वाईट वाटून घेऊ नको. पेट्रोल महाग पडाय लागलं तसं आपल्याकडं निम्म्या जीपा डिझेल झाल्या. इंजिन बदललं की आरसीवर नोंद करावी लागती. नोंद केली असंल तर तारीख आन त्या वेळचा मालक दोन्ही एका ओळीत मिळत्यात. केली नसंल तर आरसीवर पेट्रोल, गाडीत डिझेल, आन ट्रान्सफर तिथंच अडकती. म्हणून आत्ताच्या इंजिनाचा नंबरबी उतरवून घे.

आता गाडी खरंच रुग्णवाहिका म्हणून बांधली का नंतर केली, ते जमीन सांगती. मागचं रबरी मॅट उचल. स्ट्रेचरच्या रुळाची बोल्टाची भोकं दोन सरळ रांगेत असत्यात, बुजवली असली तरी वेल्डिंगचे ठिपके राहत्यात. छताच्या मधोमध दिव्याच्या वायरीचं भोक, सलाईनच्या बाटलीचा हूक, बाकड्याच्या बिजागऱ्या. ह्यातलं काहीच नसंल तर ती पिकअप नायतर दुसऱ्या कामाची गाडी असू शकती, आन लाल क्रॉस मागनं काढलेला. बॉडी बिल्डरची छोटी पाटी मागच्या पायरीखाली, ड्रायव्हर सीटच्या खोक्यावर नायतर दाराच्या चौकटीत असती. चेसिस एकीकडची, बॉडी दुसरीकडची असं लई वेळा असतंय. दोघांची वहीत वेगवेगळी नोंद ठेव, एकत्र केलं की गोंधळ.

दप्तरदार

वरचं सगळं बरोबर. चेसिस क्रमांक हातात आल्याशिवाय एकाही कार्यालयात अर्ज करू नका, कारण जुना तीन अक्षरी क्रमांक लिहिताना एक अक्षर चुकलं तरी "अभिलेख आढळून येत नाही" असं एका ओळीचं उत्तर मिळतं आणि महिना जातो.

अॅपवर न दिसणं यात आश्चर्य नाही. मोटार वाहन कायदा १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, त्यानंतर एमएच-०९ वगैरे जिल्हा क्रमांक आले. त्याआधीच्या नोंदी कागदी नोंदवहीत आहेत. नंतर कुणी ट्रान्सफर, फिटनेस किंवा कर भरायला गेलं असेल तरच ती गाडी संगणकात चढली असेल, ज्याला कार्यालयात बॅकलॉग एंट्री म्हणतात. तुमची चढलेली नाही, म्हणजे बहुधा ट्रस्टनंतर कुणी कागद हलवलेला नाही.

जुने क्रमांक वाचायची एक ढोबळ रीत आहे. बीएम किंवा बीवाय या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मुंबई राज्याच्या काळातला, १ मे १९६० च्या आधीचा. एमपासून सुरू होणारी मालिका बहुधा महाराष्ट्राची. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीच्या गाडीसाठी संस्थानी दप्तर, म्हणजे कोल्हापूर पुराभिलेखागार आणि करवीर सरकारचं गॅझेट. तुम्हाला तिकडे जायची गरज नाही. दुसरी गोष्ट सीमेची. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं. तिकडून आलेल्या गाडीचा मूळ क्रमांक एमवायचा असतो आणि मूळ नोंद तिकडच्या आरटीओत. कर्नाटकात तिला बी-एक्स्ट्रॅक्ट म्हणतात. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की नवा क्रमांक घ्यावा लागतो, म्हणून एकाच गाडीला दोन क्रमांक असू शकतात. दुवा पुन्हा चेसिस क्रमांकच.

एक आडवळण टाळा. रुग्णवाहिकेला परमिट लागत नाही (कलम ६६, पोटकलम ३), त्यामुळे परमिटची फाईल शोधण्यात वेळ घालवू नका. फिटनेस आणि कर या दोन नोंदी शोधा. फिटनेसला गाडी ठरावीक काळानं आरटीओत न्यावीच लागायची आणि प्रत्येक वेळी मालकाचं नाव लिहिलं जायचं.

माहिती अधिकाराचा अर्ज नमुना "अ" मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, हे बरेच जण विसरतात आणि अर्ज परत येतो. मजकूर असा लिहा:

"वाहन नोंदणी क्रमांक ____, चेसिस क्रमांक ____ (पेन्सिल छाप सोबत). या वाहनाच्या मोटार वाहन नोंदवहीतील पानाची, प्रथम नोंदणीपासून आजपर्यंतच्या सर्व हस्तांतरण नोंदींसह, साक्षांकित प्रत मिळावी. इंजिन बदल, नोंदणी रद्द व बोजा यांच्या नोंदी असल्यास त्याही मिळाव्यात. अभिलेख नष्ट केला असल्यास नष्ट केल्याच्या नोंदवहीतील संबंधित पानाची प्रत मिळावी. अभिलेखाचे निरीक्षण करू इच्छितो."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. "नष्ट केला" असं तोंडी सांगणं सोपं असतं. नष्ट केल्याची नोंद दाखवा म्हटलं की पुष्कळदा नोंदवही सापडते. निरीक्षणाचा पहिला तास मोफत असतो आणि स्वतः पानं चाळल्यानं शेजारच्या ओळीही दिसतात. संस्था एकाच वेळी दोन-तीन गाड्या घेत असेल तर लागोपाठ क्रमांक मिळतात.

उत्तर ३० दिवसांत. "त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती" म्हणून नकार आला तर घाबरू नका. कलम ८(३) नुसार २० वर्षांपेक्षा जुन्या घटनेची माहिती द्यावी लागते, आणि वैयक्तिक माहितीचा अपवाद, म्हणजे ८(१)(ञ), तिथे लागू होत नाही. प्रथम अपिलात हेच कलम लिहा. अपील ३० दिवसांत, स्टॅम्प २० रुपयांचा.

ट्रस्टकडे जाण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयात अनुसूची १ चा उतारा काढा. नोंदणी क्रमांक एफ किंवा ई अक्षरानं सुरू होतो. त्यात विश्वस्तांची नावं आणि मालमत्तेची नोंद असते, बदल अर्जात गाडी आली-गेली ते कळतं. विक्रेता म्हणेल की ट्रस्टची गाडी विकायला सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ ची परवानगी लागते, ती नव्हती म्हणून कागद राहिले. ते कलम स्थावर मालमत्तेचं आहे. गाडीला ट्रस्टचा ठराव आणि अधिकार दिलेल्या विश्वस्ताची सही पुरते.

बोर्ड_पेंटर

"...पालिका" वरून कुणी लगेच कोल्हापूर नगरपालिका म्हणू नका. इचलकरंजी, जयसिंगपूर, कुरुंदवाड, कागल, गडहिंग्लज, वडगाव, मुरगूड, सगळीकडे पालिका होत्या. कोल्हापूरची महानगरपालिका १५ डिसेंबर १९७२ ला झाली, त्यामुळे अक्षरं नगरपालिका की महानगरपालिका यावरून गाडीचं वयही कळेल.

अक्षरं वाचायची पद्धत सांगतो. थिनर लावू नका. थिनरनं ड्युको (जुना सेल्युलोज रंग) विरघळतो आणि एनामल सुरकुततो, दोन्हीत खालची अक्षरं जातात. अंधार पडल्यावर टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. ब्रशनं लिहिलेल्या अक्षराची कड केसाएवढी उचललेली असते, तिची सावली पडते. पत्रा पाण्यानं ओला करूनही बघा. फोटो काढून मोबाईलमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवा.

थर मोजायचे असतील तर अक्षरांपासून लांब, दाराच्या आतल्या कडेला किंवा नंबर प्लेटमागं रुपयाच्या नाण्याएवढी जागा घ्या. ४०० च्या पाणकागदानं मधून बाहेर गोल घासा, मग ८०० आणि १०००. गोलात गोल असे रंग दिसतात, मध्ये प्रायमर. प्रत्येक थर म्हणजे एक रंगकाम, आणि रंगकाम बहुतेक वेळा मालक बदलल्यावरच होतं. मात्र एका रंगाचे दोन हात वेगळे मोजू नका, दोन्हींच्या मध्ये धूळ किंवा मेणाची रेघ दिसली तरच मोजा.

आणि मोजमाप टाका. पेंटर मजकूर पत्र्याच्या मधोमध बसवतो, खडूच्या दोरीनं मध्य काढून. म्हणजे उजवीकडची मोकळी जागा तेवढीच डावीकडे. पत्र्याची लांबी, उजवीकडचं अंतर आणि "पालिका" ची लांबी, एवढे तीन आकडे कळवा.

लाल क्रॉसवर फार विसंबू नका. जिनिव्हा करार अधिनियम १९६० प्रमाणे ते चिन्ह केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय कुणालाही वापरता येत नाही, तरी सर्रास सगळ्यांनी काढलेलं आहे. त्यावरून गाडी रेडक्रॉसची ठरत नाही, लष्कराचीही नाही.

जुनी_चाके

सगळ्यांचे आभार. चेसिसचा नंबर मिळाला, एकाच आकड्यात ३ की ८ अशी शंका आहे. डॅशच्या पाटीशी वाचता येणारे सगळे आकडे जुळतात. मॅटखाली वेल्डिंगचे ठिपके दोन रांगांत आहेत, छताला भोकही आहे. बॉडी बिल्डरची पाटी नाही, चार रिव्हेटची भोकं तेवढी.

मापं: पत्रा २०० सेंमी. "का" च्या शेवटापासून पत्र्याच्या कडेपर्यंत २२ सेंमी. "पालिका" ३६ सेंमी.

बोर्ड_पेंटर

तीन अक्षरं ३६, म्हणजे एक अक्षर सरासरी १२. दोन्हीकडे २२ सोडले तर मजकूर १५६ सेंमी, म्हणजे १३ घरं, मधली मोकळी जागा धरून.

कोल्हापूर नगरपालिका होते ११ घरं. बसत नाही. कोल्हापूर महानगरपालिका १३. इचलकरंजी नगरपालिका पण १३! जयसिंगपूर नगरपालिकाही तेवढीच (ज-य-सिं-ग-पू-र सहा, मोकळी एक, पुढं सहा). तेव्हा नुसत्या लांबीवर भागणार नाही, मोकळी जागा कुठं पडते ते बघायचं. कोल्हापूर असेल तर डाव्या कडेपासून साधारण ७० ते ८२ सेंमीच्या पट्ट्यात काही नसेल. सहा अक्षरी गाव असेल तर ९४ ते १०६ मध्ये. "र" बारीक आणि "ल्हा" रुंद असतो, म्हणून पाच-सहा सेंमी इकडेतिकडे धरा.

मग पहिलं अक्षर. "इ" ची शेपटी रेघेच्या बरीच खाली जाते, "ज" ची तेवढी नाही. डाव्या कडेपासून २२ ते ३४ सेंमीच्या चौकोनात, अक्षरांच्या तळरेघेखाली टॉर्च धरा.

जुनी_चाके

९५ ते १०५ च्या मध्ये पत्रा सपाट आहे, काही उठत नाही. ७० ते ८२ मध्ये मात्र कडा लागतात. आणि डावीकडच्या पहिल्या अक्षराखाली वळणाची कड स्पष्ट दिसते. इचलकरंजीच म्हणायचं का?

दप्तरदार

कागद मिळेपर्यंत "बहुधा इचलकरंजी" म्हणा. पण पुढचा अर्ज कुठे करायचा ते नक्की झालं.

इचलकरंजी २०२२ मध्ये महानगरपालिका झाली, म्हणून जुनं नगरपालिकेचं दप्तर आता महानगरपालिकेकडे. मात्र तिथलं आयजीएम हॉस्पिटल पूर्वी पालिकेचं होतं आणि नंतर शासनाकडे गेलं. रुग्णवाहिकेची लॉगबुकं हॉस्पिटलच्या दप्तराबरोबर गेलेली असू शकतात, तर खरेदी आणि विक्रीचे ठराव पालिकेच्या सभेच्या इतिवृत्तात. म्हणून दोन वेगळे अर्ज करा, एकातच दोन्ही मागू नका.

पालिकेकडे मागायचं: जडसंग्रह नोंदवहीतली (बोली भाषेत डेड स्टॉक रजिस्टर) वाहनाची नोंद, निर्लेखनाचा (गाडी वापरातून काढून टाकल्याचा) ठराव, लिलावाची जाहीर सूचना आणि उच्चतम बोलीदाराला दिलेलं पत्र. साल अंदाजे १९७० ते १९८६ असं लिहा, कारण ट्रस्टचा शिक्का १९८६ चा आहे. लॉगबुकांची आशा कमी ठेवा, ती थोड्या वर्षांत नष्ट करतात. सभेची इतिवृत्तं मात्र कायम जपायची असतात. लिलावाची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात येते. साल कळलं की करवीर नगर वाचन मंदिर किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुने अंक चाळता येतील. सालाशिवाय चाळायला बसू नका, डोळे जातील.

पालिका आणि ट्रस्ट यांच्यामध्ये लिलावात घेणारा एक मालक असणार, आणि साखळी नेमकी तिथेच तुटते. लिलावात घेतलेली गाडी नावावर करायला फॉर्म ३२ आणि लिलावाचा आदेश लागतो. व्यापारी तो भरत नाहीत, तसेच पुढे विकतात. मग आरटीओच्या वहीत पालिकेनंतर सरळ ट्रस्ट दिसतो. झेरॉक्सच्या घडीत गेलेलं नाव पालिकेचं आहे की व्यक्तीचं, यावरून हे कळेल. झेरॉक्सचा मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन करून बघा.

लिलावाच्या अटींमध्ये "भंगार म्हणून" असे शब्द आहेत का ते आधी पाहा. तसे असतील तर नोंदणी रद्द झालेली असू शकते. मात्र १९८६ ला ट्रस्टच्या नावावर चढली, याचा अर्थ तोवर तरी जिवंत होती.

आता पैशाचं. विक्रेता नोंदणीकृत मालक नाही, म्हणून त्याची सही फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे फॉर्म) वर चालणार नाही. ट्रस्टची लागेल. ट्रस्टनं एखाद्या व्यक्तीला विकून ती नावावर चढली असेल आणि ती वारली असेल तर वारसांचा फॉर्म ३१. बोजा नोंदलेला असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. चोरीच्या गाड्यांची तपासणी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) संकेतस्थळावर होते, तिथे चेसिस क्रमांक ३ आणि ८ दोन्ही घालून बघा. हे सगळं होईपर्यंत इसार देऊ नका. द्यायचाच झाला तर इसार पावतीवर "ट्रस्टच्या सहीचे फॉर्म २९ व ३० मिळाल्यावर बाकी रक्कम" असं लिहून घ्या.

व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर, २०२१ च्या नियमांत ५० वर्षं पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, मॉडेलच्या सालापासून नाही. म्हणजे आरटीओच्या वहीतलं ते पहिलं पान तुम्हाला इतिहासापुरतंच नको आहे. नव्या व्हिंटेज नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००, मुदत १० वर्षं. आधीची नोंदणी जिवंत असेल तर जुना तीन अक्षरी क्रमांक ठेवता येतो, म्हणून ती मरू देऊ नका. अडचणी दोन. नियम दुचाकी आणि एम-१ गटातल्या चारचाकींसाठी, म्हणजे चालक सोडून जास्तीत जास्त आठ आसनं, आणि बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे. आरसीवर आसनसंख्या आणि वाहनाचा वर्ग काय लिहिलाय ते पाहा. दुसरं, गाडीत मोठा फेरफार नसावा, आणि तुमच्यात डिझेल बसलंय.

उद्यमनगर_फिटर

हरिकेनचा ब्लॉक शोधायचा तर घाई करून कुठलाबी घेऊ नको. ब्लॉकाला वॉटर जॅकेटच्या बाजूला चीर असती, वरनं रंग मारून विकत्यात. मॅग्नाफ्लक्स (चीर शोधायची चुंबकाची तपासणी) नायतर निदान पाण्याचं प्रेशर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. आन काढलेलं डिझेल इंजिन भंगारात घालू नको बरं का. आरसीवर त्याचा नंबर चढलेला निघाला, तर परत पेट्रोल चढवताना तेच दाखवावं लागंल.